उंदराचा मधुमेह टळला, म्हणून लेकीचं इन्सुलिन कमी करू?

लालबागच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: लहान मुलांना होणारा टाइप वन मधुमेह अँटीऑक्सिडंटनी (पेशींना इजा करणारे 'फ्री रॅडिकल' रेणू निकामी करणाऱ्या पदार्थांनी) टळतो आणि बराही होतो, उंदरांवर हे सिद्ध झालंय, आवळा, हळद, व्हिटॅमिन ई सुरू करा, इन्सुलिन हळूहळू कमी करा, औषध कंपन्या हे दडवून ठेवतात. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला टाइप वन आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तो मला मुद्दाम वेगळा पाठवला, 'बघ गं, हिला काही उपयोग होतो का.' त्यांची माया खरी आहे, म्हणूनच नीट उत्तर देते.

'उंदरांवर सिद्ध झालंय.' यातलं खरं आधी सांगते. एनओडी ही उंदरांची जात १९८० साली जपानमधून पुढे आली. या उंदरांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते, माझ्या लेकीच्या शरीरात झालं तसंच. बीटा पेशींत कॅटलेजसारखी संरक्षक एन्झाइम्स मुळातच फार कमी असतात, त्यामुळे अँटीऑक्सिडंटचा विचार काही वेडगळ नाही. काही अँटीऑक्सिडंटनी या उंदरांत मधुमेह लांबला, टळलाही. पण ते द्यायला सुरुवात झाली ती साखर वाढण्याआधी. शिवाय एनओडी उंदरांत मधुमेह टाळणारे उपाय शंभराहून जास्त नोंदलेले आहेत. पिंजरा कमी स्वच्छ ठेवला तरी त्यांच्यातलं प्रमाण घटतं!

आवळा-हळदीचे बरेचसे प्रयोग तर या उंदरांवर नसतातच. त्यात साध्या उंदरांना अ‍ॅलोक्सान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून बीटा पेशी मारतात. अ‍ॅलोक्सान पेशी मारतं तेच फ्री रॅडिकल तयार करून. मग आधी अँटीऑक्सिडंट दिल्यावर पेशी वाचल्या, यात नवल काय? तिथे प्रतिकारशक्तीचा हल्लाच नसतो.

'उंदराला लागू पडलं ते माणसालाही पडणार.' हे तपासून झालंय, काकू, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. निकोटिनामाइड हे ब जीवनसत्त्वाचं एक रूप. प्रयोगशाळेत ते फ्री रॅडिकलच्या माऱ्यातून बीटा पेशींना वाचवतं, एनओडी उंदरांत त्याने मधुमेह टळला होता. मग एन्डिट नावाची मोठी चाचणी झाली. घरात टाइप वनचा रुग्ण असलेले आणि रक्तात बीटा पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी सापडलेले ५५२ जण. निम्म्यांना निकोटिनामाइड, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, पाच वर्षं. २००४ साली निकाल छापून आला. १५९ जणांना मधुमेह झाला: औषधाच्या गटात ८२, दुसऱ्या गटात ७७. काहीही फरक नाही. किती आईबापांनी त्या गोळ्यांवर आशा लावली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

'कंपन्या दडवतात.' निकोटिनामाइड स्वस्त जीवनसत्त्व आहे. त्याचीच चाचणी झाली आणि अपयशसुद्धा जगासमोर मांडलं गेलं. उंदरांपासून सुरू होऊन माणसांपर्यंत पोचलेला एक मार्ग आहेही: टेप्लिझुमॅब हे औषध, २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालं. तेही धोक्याच्या उंबरठ्यावरच्यांसाठीच, आणि मधुमेह साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं. बरा करत नाही.

आवळा मीही लेकीला देते, जेवणात हळदही असतेच. माझं भांडण फॉरवर्डमधल्या एकाच ओळीशी आहे: 'इन्सुलिन हळूहळू कमी करा.' टाइप वनमध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. बाहेरचं तोडलं की रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढतात, पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो; एक-दोन दिवसांत मूल आयसीयूत पोचू शकतं, दगावूही शकतं. निदान झालं त्या रात्री माझी लेक तशीच धापा टाकत होती आणि आम्हाला वाटलं होतं, पित्त झालंय.

काकू, ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही हा फॉरवर्ड टाकलाय, तिथून तो आजच काढा. आणि कुणाच्या घरी हे वाचून खरंच डोस कमी केला असेल, तर त्यांना आत्ता फोन करा. डॉक्टरांशी आजच बोलायला सांगा आणि मूल उलट्या करत असेल तर थेट हॉस्पिटल गाठायला सांगा.