तरुणांचे अचानक मृत्यू आणि कोविडची लस: खुलासा

‘जिममध्ये तरुण मुलं कोसळतात ती कोविडच्या लशीमुळे’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभरातल्या ४७ रुग्णालयांमधून १८ ते ४५ वयोगटातल्या अशा अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. प्रत्येक मृत व्यक्तीच्या शेजारपाजारची, साधारण त्याच वयाची चारपर्यंत माणसं घेऊन तुलना केली. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमीच निघाला. वाढलेला दिसला तो कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागलेल्यांत, घरात कुणाचा असाच मृत्यू झालेल्यांत आणि आदल्या ४८ तासांत बेसुमार दारू पिणाऱ्यांत किंवा अतिजोरदार व्यायाम करणाऱ्यांत. घरात असा मृत्यू झाला असेल, तर जिम लावण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा हे कितीतरी गरजेचं आहे.