मोजणीवाले आले का?

ड्रोन शिकणं एकदम सोप्पंय, एका संध्याकाळीत जमतं, असं मला ज्याने सांगितलं त्याने स्वतः तो थोडासा उडवून कपाटात ठेवला होता आणि नंतर मला विकला, यावरून काय ते समजा. ऑफिसातला मित्र. त्याने घेतलेला २०२१ ला, आणि पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने बाहेरून तयार ड्रोन आणायला बंदी घातली (संरक्षण, संशोधन असली कामं सोडून), त्यामुळे कपाटातल्या जुन्या ड्रोनना एकदम भाव आला. विकताना गड्याच्या डोळ्यात पाणी होतं. पैसे मोजताना नव्हतं.

वजन २४९ ग्रॅम. हा आकडा उगाच नाहीये. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरतात आणि नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. २५० ची अशीच रेघ बाहेरच्या देशांतही आहे, म्हणून बनवणाऱ्यांनी तो अगदी काठावर आणून ठेवलाय. आता शिकाऊ माणसाने पंख्यांना गार्ड लावावेत असं प्रत्येक व्हिडिओत सांगतात, पण गार्ड लावले की वजन जातं २५० च्या वर आणि ड्रोन होतो मायक्रो, म्हणजे सेफ्टी वाढवली की कागदपत्रं वाढतात. मी गार्ड पेटीत ठेवले आणि बोटं जपायचं ठरवलं.

उडवायचा कुठे हा पुढचा प्रश्न. आम्ही विश्रांतवाडीला राहतो, गच्चीवरून विमानाची चाकं दिसतात. ड्रोन कुठे उडवायचा ते दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी साइटचा नकाशा उघडला तर आमच्या घरावर लाल रंग. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही, आणि मला घरात बायकोची परवानगी मिळवताना जो वेळ लागला त्यावरून दिल्लीचा अंदाज आला. नकाशा सरकवत बसलो, इकडे लोहगाव, तिकडे एनडीए, मधे खडकी, कॅम्प, शेवटी म्हटलं हिरवा पट्टा शोधत फिरण्यापेक्षा गावालाच जाऊ. गाव शिरूर तालुक्यात. हिरवंगार, नकाशातही आणि खरंही. ४०० फुटांपर्यंत मोकळीक. वर दसरा तोंडावर आलेला.

आधी पोलीस पाटलांना फोन केला, कारण २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या त्या बाजूला, शिरूर, जुन्नर, आंबेगाव, दौंड, सगळीकडे रात्रीचे ड्रोन फिरतात आणि चोर टेहळणी करतात अशी हवा उठली होती, पोरं काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालायची. पाटील म्हणाले, "उडवा की. दिवसा उडवा, सांगून उडवा. पण रात्री गावात कुणाचाबी दिसला तर तो तुमचाच, हे आत्ताच सांगून ठेवतो."

दसऱ्याला ट्रॅक्टर, कोयते, पहार, चुलतभावाचा पाना-सेट आणि माझा ड्रोन अशी ओळीने पूजा झाली. ट्रॅक्टरला हार झाला, ड्रोनला हार पेलेना म्हणून काकूने झेंडूचं एक फूल मधोमध टेकवलं आणि कॅमेऱ्याच्या काचेवर हळद-कुंकू लावलं. मी पुसायला गेलो तर "ऱ्हाऊ दे आजच्या दिवस". वर लिंबू-मिरची बांधायला निघाली होती. मी म्हटलं काकू, एक ग्रॅमचीच जागा आहे. "मग नुसती मिरची बांधते." तात्या (म्हणजे माझे चुलते) पलीकडून बोलले, "अगं त्याला नजर लागंल असं काय हाय त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी, वारा पडलेला असताना, अंगणात मांडला. तर ॲप म्हणतं कंपास कॅलिब्रेट करा. त्यासाठी ड्रोन दोन्ही हातात आडवा धरायचा आणि स्वतःभोवती गोल फिरायचं, मग नाक जमिनीकडे करून परत गोल फिरायचं, हे मी ॲपमधलं चित्र बघत बघत मन लावून करत होतो तेवढ्यात काकू दारात आली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "देवघर आत हाय." शेजारची पोरं माझ्यामागे रांग धरून फिरायला लागली होती ती वेगळीच.

आता त्या रिमोटचं. दोन दांड्या असतात. डावी वर-खाली केली की ड्रोन वर-खाली, डावी आडवी केली की ड्रोन जागच्या जागी मान फिरवतो. उजवीने पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे सरकतो. इथवर बालवाडी. घोळ कुठे होतो, तर ड्रोनने तुमच्याकडे तोंड केलं की. मग तुमचं डावं ते त्याचं उजवं. तुम्ही घाबरून डावीकडे ढकलता तर तो तुमच्या उजवीकडे, बरोबर लिंबाच्या झाडाकडे निघतो, तुम्ही अजून जोरात ढकलता, तो अजून जोरात झाडाकडे. त्यात मागे उभे राहून सात-आठ जण ओरडत असतात, "डावीकडं घ्या! तुमच्या न्हवं, त्याच्या!" "आरं त्याच्या म्हंजी कुणाच्या?" तिथेच आपसात भांडण लागलं आणि ड्रोन झाडापासून दोन हातावर नुसता थांबून राहिला, कारण मी दोन्ही दांड्या सोडून दिल्या होत्या. हे मात्र यंत्राचं मानलं पाहिजे, जीपीएस धरलेलं असलं की हात सोडले तर तो आहे तिथे थांबतो. असे मला फार कमी लोक माहितीयेत.

चुलतभाऊ हे सगळं बघत होता. म्हणाला, "दादा, ही तर ट्रॉली मागं घ्यायची भानगड." आणि रिमोट घेतला. हा माणूस कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टरला लावलेल्या दोन ट्रॉल्या, उसाने भरलेल्या, रिव्हर्स घेतो, मान मागे टाकून एका हाताने, दुसऱ्या हाताने तंबाखू मळत. स्टिअरिंग एकीकडे आणि ट्रॉली दुसरीकडे हे त्याच्या अंगात भिनलेलंय. त्याने ड्रोन लिंबाला प्रदक्षिणा घालून समोर आणला, तोंड आमच्याकडे ठेवून. मी यूट्यूबवर अख्खा पितृपक्ष घालवला होता. काही बोललो नाही, रिमोट घेतला आणि रिटर्न टू होमचं बटण दाबलं, निदान ते तरी त्याला माहिती नव्हतं.

या बटणाने ड्रोन जिथून उडाला तिथे आपोआप येऊन उतरतो. आला. अगदी त्याच जागेवर आला. मधल्या वेळात त्या जागेवर काकूने बाजरी वाळत घातली होती. तो जसजसा खाली येईल तसतसा चार पंख्यांचा वारा आणि बाजरीचा भुसा, ओसरीवर तात्या चहा पीत होते ते दिसेनासे झाले. मी डोळे चोळत पळतोय, काकू आता मला फोडून काढणार. ती पदर तोंडाला लावून बघत उभी. भुसा खाली बसल्यावर वाकून मूठभर बाजरी उचलली, फुंकून बघितली आणि म्हणाली, "उपणायला बराय की रं. अजून दोन चकरा मार."

तोवर बातमी गावभर झाली होती. गावाकडे ड्रोन ही नवलाई राहिलेली नाही, हे पुण्यातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. इथे प्रत्येकाने कुठला ना कुठला ड्रोन बघितलाय आणि माझा तोच असणार अशी प्रत्येकाची खात्री. एक जण आला, फवारणी एकरी कितीला? कारण बचत गटाच्या बायकांना फवारणीसाठी मिळतो तो ड्रोन दीदी योजनेतला मोठा ड्रोन त्याने पाहिलेला, दहा लिटरची टाकी असलेला. माझ्याकडे बघून म्हणाला, याची टाकी कुठंय. दुसऱ्याला लग्नाची ऑर्डर द्यायची होती. तिसरे आजोबा होते, त्यांनी काठी टेकवून सरळ विचारलं, "बिबट्या दिसतो का ह्यात?" आमच्याकडे बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते, आणि वनखातं थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन घेऊन शोधायला येतं, ते त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं नाही आजोबा, यात नाही दिसणार.

"मग काय दिसतं?"

"निसर्ग."

त्यांनी चारी बाजूला नजर फिरवली. "त्यो तर हितूनबी दिसतोय."

पण सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते, "मोजणीवाले आले का?" स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने केली होती, तेव्हा आधी आपापल्या जागेच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारायची, मग वरून ड्रोन फोटो काढणार आणि मग प्रॉपर्टी कार्ड, हे लोकांच्या पक्कं डोक्यात बसलेलं. मी घसा बसेपर्यंत सांगितलं की हा माझा घरचा आहे, खेळायचा आहे, आणि ती योजना गावठाणापुरती होती, शेताची नव्हती. सगळ्यांनी मान हलवली. आमचे बांधशेजारी अण्णा, त्यांनी तर फारच समजूतदारपणे हलवली. तात्यांचं आणि अण्णांचं बांधावरून वाकडं माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो तर अण्णांच्या उसाच्या कडेने, आमच्या सोयाबीनच्या बाजूने चांगली दोन फूट आत, पांढरीशुभ्र फक्कीची रेघ. सरळ, दोरी लावून मारलेली. तात्यांनी काही न बोलता चप्पल काढली आणि ती रेघ पुसायला लागले. एवढ्या लांबीची रेघ चपलेने पुसायची म्हणजे.

मी म्हटलं आपण उडवून घेऊ तोवर. विहिरीवर नेला, मस्त दिसत होतं सगळं, पहिल्यांदाच हात थरथरत नव्हता, आणि वरून घार आली. घारीला तिच्या हद्दीत ड्रोन खपत नाही. दोन घिरट्या मारल्या आणि सरळ झेप. पुस्तकी उपाय असा की ड्रोन जोरात वर न्यायचा, पक्ष्याला सरळ वर चढायला जड जातं. मला माहिती होतं, अंगठा वर सरकतच होता, पण चुलतभाऊ कानाशी ओरडला "खाली घे, खाली!" आणि ज्याने दोन ट्रॉल्या रिव्हर्स घेतल्यात त्याचं न ऐकणं कसं शक्य आहे? खाली घेतला. खाली अण्णांचा ऊस. दहा-बारा फुटी. खर्र असा एकच आवाज आला आणि मोबाईलच्या स्क्रीनवर हिरवं पान, त्याच्यावर एक मुंगळा, तो अतिशय क्लिअर.

ॲपवर शेवटची जागा दिसते, पण जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि उसात दोन-चार मीटर म्हणजे दोन-तीन सऱ्या. ड्रोन शोधायला बीप वाजवायची सोय असते, ती दाबली. उसातून पीं पीं सुरू झालं. आतून कसलाही आवाज येतोय म्हटल्यावर जमलेली मंडळी चार पावलं मागे. "तुम्ही जा आत, तुमचा हाय." मी बाह्या खाली ओढल्या, काठी घेतली, मोबाईलवर मोठ्याने गाणं लावलं, बिबट्याला कळावं की माणूस येतोय म्हणून, तर गाण्यात बीप ऐकू येईना. गाणं बंद केलं तर पाय पुढे पडेना. उसाची पात गालावरून ओढली गेली की ब्लेडसारखी लागते आणि कूस मानेत शिरली की दोन दिवस खाज जात नाही, हे मी लहानपणीच शिकलेलो होतो, फक्त विसरलो होतो. पहिली सरी ओलांडली नाही तोवर मागून आवाज आला.

"थांबा. आमच्या उसात कुणाला विचारून?"

अण्णा. हातात कोयता. बाहेर आलो. म्हणाले, "आधी सांगा, मोजणीत काय निघालं." मी शपथा घेतल्या. त्यांनी ऐकून घेतलं, बीपकडे कान दिला आणि एकटेच आत शिरले, सगळ्या सऱ्या तोंडपाठ असल्यागत. थोड्या वेळाने बाहेर आले ते एका हातात ड्रोन, एक पंखा तुटलेला, आणि दुसऱ्या हातात सोलून खायला दोन ऊस. ऊस मला दिले. ड्रोन दिला नाही.

"ह्यात भरलं असंल ना सगळं? दावा."

कार्ड काढून मोबाईलला जोडलं. ड्रोनला माइक नसतो, त्यामुळे व्हिडिओला आवाज नव्हता, घारीला मी जे बोललो ते वाचलं. विहीर आली, सोयाबीन आलं, आणि मग वरून बांध. अण्णा आणि तात्या दोघांची डोकी एकाच मोबाईलवर, आमच्या घरात हे कुणी बघितलेलं नाही. बांध मधे कुठेतरी कमरेतून वाकलेला दिसत होता. तात्या म्हणाले, बघा, तुम्ही कोरलाय. अण्णा म्हणाले तो कॅमेरा तिरपा हाय, तिरप्यात सगळंच वाकडं दिसतं, सरळ वरनं काढा. मी सांगत होतो की अहो याला कोर्टात काही किंमत नाही, मोजणीला भूमी अभिलेखकडे अर्ज करा, पण तोवर चुलतभावाने पेटीतला जादाचा पंखा बसवून, नवी बॅटरी घालून ड्रोन वर नेलासुद्धा होता, कॅमेरा बरोब्बर खाली वळवून.

"अजून वर घे पोरा," अण्णा बांधावर उभे राहून सांगत होते, "माझी हीर येऊ दे त्यात."

तात्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली. "हीर तुजी कवापास्नं?"