सातव्या महिन्यातलं ताट

परवा मानेवाड्याला भाचसुनेचं डोहाळजेवण झालं. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, ओटी, ताटात पाच प्रकारचं गोड. पंगतीत ती माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, पहिले दोन महिने चहा-टोस्टवरच काढले. मळमळायचं, अन् सगळ्यांचं होईस्तोवर जेवायला अडीच वाजायचे." मला पुढचा घास जाईना. तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितेय.

३५ वर्षं मी जीवरसायनशास्त्र शिकवलं. आमच्या प्रॅक्टिकलला बकऱ्याची कलेजी यायची. ती वाटायची, डीएनए वेगळं काढायचं, डायफेनिलअमाइन हे रसायन घालून उकळत्या पाण्यात ठेवायचं. हळूहळू निळा रंग चढतो, आणि तो जितका गडद तितकं डीएनए जास्त. त्याच कलेजीतलं प्रथिनही मोजायचं. या दोन आकड्यांतून अवयवाची सगळी हकीकत कळते. माणसाच्या बहुतेक पेशींत डीएनए ठरावीकच असतं, साधारण ६ पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). म्हणून अवयवातलं एकूण डीएनए म्हणजे पेशींची मोजदाद, आणि डीएनएच्या मानाने प्रथिन किती, यावरून एकेक पेशी किती भरलेली आहे ते समजतं.

प्राणी उपाशी राहिला की दोन-तीन दिवसांतच यकृतातलं प्रथिन झपाट्याने उतरतं. डीएनए मात्र जवळपास तेवढंच राहतं. पेशी तितक्याच असतात, फक्त रोडावतात. पोटभर खायला मिळालं की पुन्हा भरून येतात. मोठ्या माणसाचं शरीर असं बरंच सोसतं.

वाढत्या जिवाचं तसं नाही, आणि माझा सगळा जीव इथेच अडकतो. १९६६ साली मायरन विनिक आणि एडल नोबल या संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांवर हे तपासलं. मोठ्या वयात उपासमार झालेले उंदीर खाऊन-पिऊन सावरले. पण जन्मल्यापासून अंगावरचं दूध सुटेपर्यंत ज्यांची आबाळ झाली, त्यांच्या अवयवांत नंतर कितीही खायला घातलं तरी डीएनए कमीच राहिलं. पेशींची विभागणी व्हायची वेळच निघून गेली होती. पुढे १९६९ मध्ये विनिक आणि रोसो यांना पहिल्याच वर्षात तीव्र कुपोषणाने दगावलेल्या बाळांच्या मेंदूतही डीएनए कमी आढळलं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवायचे आणि दरवर्षी आवाज कापायचा.

हल्ली 'आहाराने डीएनए बदला' अशा जाहिराती दिसतात. त्या वाचून मला राग येतो. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं, त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलेलं. कुठल्याही भाजीने ते अक्षर दुरुस्त होत नाही. तरी त्या रुग्णांना फॉलिक ॲसिडची गोळी देतात, कारण १२० दिवस टिकणारी तांबडी पेशी त्यांच्यात १०-२० दिवसांतच फुटते आणि अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी, म्हणजे सतत नवं डीएनए तयार करावं लागतं. अन्न अक्षरं बदलत नाही. प्रती काढायला लागणारा माल पुरवतं.

हे फॉलिक ॲसिड, म्हणजेच फोलेट, सापडण्याची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. १९२८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स इथे आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग अभ्यासू लागल्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कात काय होतं ते पुढे कळलं. फोलेट नसेल तर डीएनएतला थायमिन हा घटक पुरेसा बनत नाही, आणि विभागणाऱ्या पेशी मध्येच अडखळतात.

आता बाळाचा हिशोब बघा. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. आणि आपण कौतुकाने जेवायला घालतो सातव्या महिन्यात!

सातव्या महिन्यातलं जेवण वाया जातं, असं मी म्हणत नाही. उलट शेवटच्या तिमाहीत प्रथिनं रोज २२ ग्रॅम जास्त लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ६८ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम मिळाले तरी खूप. मग ताटात पाच गोड कशाला? आपला गोळाभात, हरभऱ्याच्या डाळीचे गोळे घातलेला भात, करा ना. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक. तांदळात लायसिन कमी, ते हरभऱ्याच्या डाळीत भरपूर; डाळीत मेथिओनिन कमी, ते भातातून मिळतं. सोबत चवळीची उसळ, पालेभाजी, दही, चालत असेल तर अंडं. निव्वळ शाकाहारी असाल तर बी-१२साठी दूध-दही हवंच, आणि तेवढ्याने भागतंय का ते डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, म्हणून 'उष्ण पडते' असं सांगून घरच्याच बायका गोळ्या बंद करायला लावतात. माझ्या पहिल्या खेपेला मलाही बंद करायला लावल्या होत्या. शिकलेली असूनही तेव्हा मी गप्प बसले.

त्या दिवशी पंगत उठल्यावर मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. धाकट्याचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. तिला म्हटलं, नवी सून घरात आली की पहिल्या दिवसापासून पहिल्या पंगतीला बसेल, आणि मूल हवं असं दोघं ठरवतील त्याच्या आधीच फॉलिक ॲसिड सुरू होईल, डॉक्टरांना विचारून. ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग डब्यात उरलेला गोळाभात भरला आणि मोठ्या सुनेला हाक मारली.