बरणीला बक्षीस

दुकानाच्याच नावाचा माल घरी न्यायचा असेल तर तो पिशवीत तळाला ठेवायचा आणि वर कोथिंबीर पसरायची, हे मी अनुभवाने शिकलो आहे. फोंड्यातल्या ज्या सुपरमार्केटमधून मी महिन्याचं सामान भरतो, तिथे प्रत्येक नामांकित वस्तूच्या शेजारी तिची गरीब चुलत बहीण उभी असते. तसाच डबा, जवळजवळ तोच रंग, दहा-वीस रुपये कमी आणि नाव दुकानाचं. तूरडाळ, शेवया, काड्यापेट्या, फरशी पुसायचं औषध, सगळ्यांना एकच आडनाव. शेवया आणि फरशीचं औषध एकाच घराण्यातले निघाले की आईच्या घशाखाली शेवया उतरत नाहीत.

"कोण करतो हे? नाव ना, गाव ना," ती विचारते.

"नाव आहे की. दुकानाचं."

"दुकानदार कधी डाळ पिकवतो रे?"

यावर मी आजवर कोथिंबीर निवडायला घेत आलो आहे.

गेल्या मे महिन्यात मात्र मला वाटलं, उत्तर सापडलं. लोणच्यांच्या कप्प्यात दुकानाच्याच नावाची आंब्याच्या लोणच्याची बरणी होती आणि तिच्या पोटावर सोनेरी, गोल, दातेरी कडांचं स्टिकर. मधोमध ठसठशीत अक्षरांत 'अवॉर्ड'. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणखी काही होतं, पण चष्मा घरी राहिला होता आणि सोन्यासमोर बारीक अक्षरं वाचत बसणं मला कोतेपणाचं वाटलं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हा कसला पुरस्कार?" तिने बरणी उलटसुलट केली, बारकोड सापडला, यंत्र टूं वाजलं. "दादा, पिशवी जाय?"

बक्षीस म्हटलं की गोव्याचा माणूस विरघळतो. आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधतात, तिची स्पर्धा असते, घुमट आरतीची असते, कला अकादमीची नाट्यस्पर्धा असते आणि तिच्या निकालावरची भांडणं पुढच्या स्पर्धेपर्यंत पुरतात. फार काय, दिवाळीच्या पहाटे नरकासुराचा जो पुतळा जाळायचाच आहे, त्यालाही आदल्या रात्री परीक्षक येऊन गुण देऊन जातात. मरायला टेकलेल्या राक्षसाला पहिला क्रमांक देणारे आम्ही लोक, लोणच्यापाशी का थांबू?

त्या रात्री मी मोबाइलवर दुकानाच्या नावाच्या मालाचा आणि त्याला मिळणाऱ्या बक्षिसांचा अभ्यास केला. आईशी वाद घालायचा तर पुरावा लागतो. लंडनच्या सेन्सबरी या दुकानाने १८८२ मध्येच स्वतःच्या नावाचं बेकन काढलं होतं. (हा पुरावा आईपुढे मांडता येण्यासारखा नव्हता.) फ्रान्सच्या कारफूरने १९७६ मध्ये पन्नास वस्तू आणल्या, त्यांच्यावर ब्रँडच नाही, साधं पांढरं वेष्टन आणि आत काय आहे तेवढं लिहिलेलं. दोनच वर्षांनी कॅनडाच्या लोब्लॉने पिवळ्या पाकिटावर काळ्या अक्षरांत वस्तूचं नाव छापलं आणि ब्रँडचं नाव ठेवलं 'नो नेम'. आमच्या आईचा आक्षेप तिकडे पाकिटावर छापून विकतात!

असा माल करणाऱ्या कारखानदारांची पीएलएमए नावाची संघटना अमेरिकेत १९७९ पासून आहे. ती दर मे महिन्यात आम्सटरडॅमला जत्रा भरवते. कारखानदार मांडव टाकून बसतात, दुकानदार चव घेत फिरतात, आणि पुढच्या वर्षी कोणाच्या बिस्किटावर कोणाचं नाव चढणार ते तिथे ठरतं. संघटना दरवर्षी उत्तम मालाला पुरस्कारही देते, पण तो मिळतो दुकानाला. ज्याने भट्टीपाशी घाम गाळला त्याने प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवायच्या. नाटकात विंगेतून प्रॉम्प्टिंग करणाऱ्याची जी गत, तीच.

ब्रुसेल्सच्या 'माँद सेलेक्सियों'ची पदकं १९६१ पासून चालू आहेत. तिथे फी भरून माल पाठवायचा. कुणी कुणाशी स्पर्धा करत नाही, ठरलेले गुण पडले की पदक. दहा जण पात्र ठरले तर दहाही जणांना. आमच्याकडे याला उत्तेजनार्थ म्हणतात. पण ब्रिटनमधल्या 'ग्रेट टेस्ट' पुरस्काराची पद्धत वाचली आणि मी अंथरुणात उठून बसलो. तिथे १९९४ पासून परीक्षकांपुढे पदार्थ येतो तो वेष्टन काढून. नाव, दुकान, किंमत, काही कळू द्यायचं नाही. नुसत्या जिभेवर एक, दोन किंवा तीन तारे.

रविवारी सकाळी बरणी उघडपणे टेबलावर ठेवली. कोथिंबीर नाही, काही नाही. आईने पंचांग वाचायचं भिंग आणलं आणि स्टिकरवर धरलं. बराच वेळ धरलं.

"अवॉर्ड. वेष्टन विभाग. अंतिम फेरीत निवड," तिने वाचलं. मग भिंग पुसत म्हणाली, "म्हणजे बक्षीस बरणीला. लोणच्याला नाही. आणि बरणीसुद्धा पडलीच."

बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

मी हटलो नाही. म्हटलं, वेष्टन काढून चव घेऊ, तिकडे घेतात तशी. चार वाट्या मांडल्या, खाली चिठ्ठ्या. एकीत हे दुकानाचं. दुसरीत टीव्हीवर ज्याची जाहिरात लागते ते नामांकित लोणचं. तिसरीत आईचं मिस्कूट, म्हणजे आमचं गोव्याचं आंब्याचं लोणचं. हे मिस्कूट म्हणजे आमच्या घराण्याची राष्ट्रीय संपत्ती. दर मे महिन्यात आम्ही कामावर गेलो की आई ते घालते, आणि संध्याकाळी परतलो की भरलेल्या बरण्याच दिसतात. मग त्या बरण्या मुंबईच्या आत्याकडे, बेळगावच्या मावशीकडे, दुबईच्या भाच्याकडे रवाना होतात आणि महिनाभर आई फोनवरून कौतुक गोळा करते. चौथी वाटी बायकोने मांडली. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात, पावसाळ्याची बेगमी करायला गेली असताना, सुक्या मिरच्यांच्या शेजारी एका बाईकडून तिने मिस्कुटाची बाटली घेतली होती. "असू दे एक बाहेरची," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दोन चवींमध्ये तोंड साफ करायला तिकडे काय देतात ते मी वाचलं नाही. आम्ही उकड्या तांदळाची पेज ठेवली. आईने निळ्या चौकड्यांच्या फडक्याने पेजेचं भांडं उतरवलं, पदर खोचला आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसली.

एक नंबर चाखलं. पेज. दोन नंबर चाखलं. पेज. पुन्हा एक नंबर. मग दोन्ही वाट्या एकमेकींजवळ सरकवल्या.

"ही दोन्ही एकाच घरची."

"आई, एक दुकानाचं आहे आणि एक—"

"असेल. मोहरी एकाच हाताने भरडलीय. एकात तिखट जास्त घातलंय, एवढंच."

मी नामांकित बाटली भिंगाखाली धरली. मागे खाद्य परवान्याचा नंबर असतो, चौदा आकडी. मग दुकानाची बरणी घेतली. विकणाऱ्याचा नंबर होता, करणाऱ्याचा दिसेना. जिथे असायला हवा तिथे ते सोनेरी स्टिकर. नखाने कड उचकटली, हळूहळू सोललं. खाली चौदा आकडे. मी एका बाटलीवरचे मोठ्याने वाचत गेलो, बायको दुसरीवर बोट ठेवून ताडत गेली. चौदाच्या चौदा जुळले. लहानपणी सत्यनारायणाच्या पूजेलाही आमच्याकडे इतकी शांतता नव्हती.

आईने नुसती पेज ढवळली. दहा-वीस रुपये जास्त देऊन आम्ही इतकी वर्षं काय विकत घेत होतो, हा प्रश्न तिने विचारला नाही. तो तिच्या पेज ढवळण्यात होता.

"तीन नंबर माझं," ती पुढे म्हणाली. "त्यात ओळखायचं काय?" मग चार नंबर तोंडात घातलं आणि थोडी थांबली. "हे... बरं आहे. मीठ जरा कमी."

"तुम्हीही घेऊन बघा ना," बायको मला म्हणाली. "तीन आणि चार."

मी घेतलं. आता माझ्या जिभेलाही पेजेने धार आली होती. फोडी दोन्हींत कोयीसकट, एकसारख्याच तिरकस कापलेल्या. मेथी तीच. हिंगाचा तोच शेवटचा झटका. परीक्षकाच्या उत्साहात मी बोलून गेलो, "ही दोन्हीसुद्धा एकाच घरची!"

कोणी काही बोललं नाही. बायकोने फेस्तातली बाटली कपाटातून काढून टेबलावर ठेवली. तिच्या तोंडावर सुतळीने कापडाचा तुकडा बांधला होता. निळ्या चौकड्यांचा. मी त्याच्याकडे पाहिलं, मग पेजेच्या भांड्याखालच्या फडक्याकडे. चौदा आकडे मोजायची गरज पडली नाही.

"ती सावई गावची बाई," आई भांड्याकडे बघत म्हणाली. "माझे गुडघे गेले त्या वर्षापासून तीच करते. मग? प्रमाण कोणी सांगितलं तिला? मी. आंबे कुठल्या झाडाचे घ्यायचे, कोणी सांगितलं? मी. हात तिचा, चव माझी. आणि बरणीत भरते कोण?"

आम्सटरडॅमच्या जत्रेतले दुकानदार याहून वेगळं काय सांगत असतील, मला कल्पना करता येईना.

"मीठ तेवढं तुमच्या प्रमाणातलं नाही," बायको म्हणाली.

"फेस्तात विकताना ती कमी घालते. तिला सांगितलंय मी."

सोललेलं सोनेरी स्टिकर अजून माझ्या अंगठ्याला चिकटलेलं होतं. झटकून जाईना. बायकोने ते अलगद सोडवलं, फडताळातून आईची चिनीमातीची मोठी बरणी उचलून आणली आणि तिच्या पोटावर दाबून बसवलं. आईने भिंग उचललं, नीट निरखलं.

"तिरकं लागलंय," ती म्हणाली. "सरळ कर."