बरे न होणारे दुखणे म्हणजे लपलेले पाप? एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘ख्रिस्ती माणसावर दुःख का येते? पाच सत्ये’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरतो आहे. माझ्याकडे तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचताच पुसून टाकला. चौथ्यांदा तो आत्याकडून आला. तिचा मुलगा दोन वर्षे डायलिसिसवर होता आणि यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गेला. संदेशाखाली तिने एवढेच लिहिले होते : ‘बाळा, माझ्या हातून असे कोणते पाप घडले असेल रे?’ हे वाचल्यावर गप्प राहणे मला शक्य नव्हते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. खऱ्या विश्वासणाऱ्याच्या घरात आजार टिकत नाही. देव झेपेल एवढेच ओझे देतो. प्रार्थना करूनही दुखणे हटले नाही तर घरात कुणाचे तरी कबूल न केलेले पाप आहे. औषधावर विसंबणे म्हणजे देवावर अविश्वास. आणि देवाची योजना हिताचीच असल्यामुळे शोक करणे ही अविश्वासाची साक्ष आहे. शेवटी अर्थातच ‘दहा जणांना पाठवा’.

मी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आत्याला लागला तो हाच. हा विचार नवा नाही. त्याच्या खंडनासाठी बायबलमध्ये बेचाळीस अध्यायांचे एक संपूर्ण पुस्तक आहे. ते ईयोब नावाच्या नीतिमान माणसाचे. त्याची दहा मुले एका दिवसात गेली, अंगभर गळवे उठली, आणि अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन मित्र त्याच्या सांत्वनासाठी आले. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, आणि माझ्या मते संपूर्ण पुस्तकात त्यांच्या हातून घडलेले शहाणपणाचे काम तेवढेच. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी निरनिराळ्या शब्दांत हाच मुद्दा मांडला : देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, त्याअर्थी तू काहीतरी केले असलेच पाहिजेस. बिल्ददाने तर मेलेल्या मुलांवरही पापाचा आळ घेतला. शेवटच्या अध्यायात परमेश्वर अलीफजाला सांगतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब जसे माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. ज्याने देवाला जाब विचारला, जन्मदिवसाला शाप दिला, तो यथार्थ बोलला. ज्यांनी देवाची बाजू घेतली, त्यांनाच होमार्पण करावे लागले आणि वर ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागली. संदेश लिहिणाऱ्याने हा अध्याय वाचला असता तर त्याचा हात थरथरला असता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अडतिसाव्या अध्यायापासून देव वावटळीतून बोलतो, पृथ्वीचा पाया, समुद्राची दारे, रानबकरीच्या विण्याची वेळ अशा कितीतरी गोष्टींबद्दल विचारतो, पण ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण एका शब्दानेही सांगत नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले, सैतानाने ईयोबाची परीक्षा घेण्याची परवानगी कशी मिळवली, ते वाचकाला ठाऊक असते, ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. देवाच्या ज्ञानावर भरवसा ठेवणे ते हेच, की कारण त्याच्यापाशी आहे आणि माझ्यापाशी नाही. आत्याच्या घरातले कारण आपल्याला कळले असे जो लिहितो, त्याचा भरवसा देवाच्या शहाणपणावर नसून स्वतःच्या शहाणपणावर आहे.

प्रभू येशूनेही हा हिशेब दोनदा नाकारला आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? उत्तर आले : दोघांचेही नाही. बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हाही ती इतरांहून अधिक अपराधी होती काय असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हटले. काही दुःखे माणूस स्वतः ओढवून घेतो हे मला मान्य करावे लागते. दारूने संसार उद्ध्वस्त झाल्यावर देवाला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यावरून एखाद्या तरुणाच्या निकामी मूत्रपिंडांमागे आईचे पाप शोधायचे, याला नीचपणाच म्हणावे लागेल.

पहिल्या आणि चौथ्या मुद्द्यांना फार शब्द खर्चण्याची गरज नाही. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे अंगाला जडलेली एक पीडा, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. आपला सहकारी त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारीच मागे ठेवले, दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. बायबलमधले याकोबाचे पत्र आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांना बोलावून प्रार्थना करायला सांगते हे खरे, पण इन्सुलिन बंद करा असे कुठेही सांगत नाही. आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंचे काय? बहिरेपणामुळे त्यांचे इंग्लंडमधले वैद्यकीय शिक्षण राहून गेले, १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली, पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. ज्यांनी आपल्याला बायबलचे मराठी भाषांतर दिले, त्यांचाही विश्वास कच्चा होता काय?

दुसऱ्या मुद्द्यासाठी संदेशात पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय दिला आहे, की देव शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही. तिथला ‘परीक्षा’ हा शब्द मूर्तिपूजेच्या मोहाबद्दल आहे, हे पुढचीच ओळ वाचली तरी कळते. आशिया प्रांतात आपण शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा उरली नव्हती, असे तोच पौल दुसऱ्या पत्राच्या आरंभी लिहितो.

राहिला पाचवा मुद्दा आणि त्यासाठीचे यिर्मया संदेष्ट्याचे वचन, २९:११. देवाचे संकल्प हिताचे आहेत हे मी मानतो. पण त्याच्या आधीची ओळ बाबेलातल्या सत्तर वर्षांची आहे. बाबेलात घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, असे यिर्मयाचे ते पत्र तिथे नेलेल्या यहूदी बंदिवानांना सांगते. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिथेच मरणार होते. दोन वर्षांत सगळे ठीक होईल असे सांगणाराही एक संदेष्टा तेव्हा होता. त्याचे नाव हनन्या, आणि अठ्ठाविसाव्या अध्यायात यिर्मयाने त्याला लोकांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावणारा ठरवले आहे.

शोकाला अविश्वास म्हणणाऱ्याने आपला मित्र लाजार याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला ते पाहावे, आणि मग अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडावे, जे अंधारातच संपते. ते मी आत्याला रविवारी फोनवर वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘हे आपल्या बायबलात आहे? पुन्हा वाच.’