रेशमी शब्द आणि शिनाण्यांची दाढी

भाचीला इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेत उतरायचंय आणि संध्याकाळी म्हापशात रिकामटेकडा असा मामाच सापडतो, एवढ्या पात्रतेवर माझी परीक्षक म्हणून नेमणूक झाली. मी शब्द उच्चारायचा, तिने अक्षरं सांगायची. परवाचा विषय होता 'रेशमी तंतू'. विषय ऐकून मी पाय पसरून बसलो. रेशीम म्हणजे सगळं मऊच असणार!

सुरुवात टसरने. म्हटलं, हा तर आपलाच. भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर याचे किडे पोसतात. भाची म्हणाली, "मामा, कुठलं स्पेलिंग सांगू?" साहेब टसर घेऊन गेला तो असा की त्याच्या शब्दकोशात 'यू' चालतो, 'ए'ही चालतो, 'एस' एकटा चालतो, जोडीने चालतो, शेवटी 'आर' नसला तर 'एच'वरही भागतं. अशा ठिकाणी परीक्षकाने चूक काढायची कुणाची?

मग कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. तंतू आतून पोकळ, वरून मेणचट, त्यामुळे पाण्यात बुडत नाही. दुसऱ्या महायुद्धात खलाशांच्या लाइफ जॅकेटमध्ये तो भरत. गुळगुळीत इतका की नुसता कातायला घेतला तर सूत धरत नाही, मुकाट उशीत बसतो. (आजीची उशी उसवली की घरभर म्हाताऱ्या उडायच्या आणि खरी म्हातारी केरसुणी घेऊन आमच्यामागे.)

तिसरा शब्द उच्चारणार इतक्यात आतून हाक आली, "अहो, शिनाणे तसेच पडलेत!"

शिनाणे म्हणजे खडकाला चिकटून राहणारे, खायचे शिंपले. ते साफ करणं हे आमच्या घरात पुरुषाचं काम, कारण ते किचकट आहे. शिंपल्याच्या फटीतून तपकिरी दोऱ्यांचा झुबका बाहेर डोकावतो, ती दाढी. चिमटीत धरून बिजागरीच्या दिशेने ओढायची. ती सुटत नाही. भर लाटांत ओल्या खडकाला चिकटून राहण्यासाठी त्या जिवाने स्वतःच्या पायातून काढलेले ते दोरे. माझ्या दोन बोटांना काय दाद देणार? टोपलीभर दाढ्या करणारा न्हावी निदान पैसे तरी घेतो.

भाची यादी घेऊन मोरीपाशी आली. शब्द होता 'बिसस'. अर्थ वाचून तिने आधी कागदाकडे, मग माझ्या हाताकडे पाहिलं. बिसस म्हणजे हीच दाढी! भूमध्य समुद्रात हातभराहून मोठा पिन्ना नावाचा शिंपला असतो. त्याची दाढी धुऊन, विंचरून, कातून सार्डिनियात सोनेरी झाक असलेलं समुद्री रेशीम करत. आता तो शिंपला काढायला बंदी आहे. 2016पासून तर एका परजीवीने त्याचा जवळजवळ फडशा पाडलाय.

"मग फेकू नका," ही म्हणाली, "मला चतुर्थीला पोलकं होईल."

"बी, वाय, एस, एस, यू, एस," भाचीने धडाधड सांगून टाकलं. आता नियमाप्रमाणे स्पर्धकाला शब्द वाक्यात वापरून मागता येतो. तिने मागितला.

मी म्हटलं, "तुझा मामा तासभर बिसस उपटतोय."

"इंग्रजीत, मामा."

"इंग्रजीत नंतर," आतून आवाज आला, "रवा लावून ठेवलाय, आधी शिनाणे द्या!"