स्क्रीनशॉट काढणाऱ्यांनो, पुरे आता!

मावशीने घरच्या ग्रुपवर 'अभिनदंन' लिहिलं, की झालाच स्क्रीनशॉट! मग हसऱ्या इमोजींची रांग आणि 'मावशी, परत शाळेत जा!' अरे, काय चाललंय काय? साठी उलटल्यावर ती एवढ्याशा स्क्रीनवर मराठी टाइप करायला शिकली. 'दऱ्या'तला ऱ्य उमटवायला आधी तो ऱ शोधावा लागतो, मग हलन्त, मग य. चेष्टा करणारे स्वतः मात्र सगळं रोमनमध्ये खरडतात! 2023पासून व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. तिला एकटीला सांगा ना, करेल ती. पण नाही, चारचौघांतच लाज काढायची. आता मावशी नुसता अंगठा पाठवते. तिचे ते लांबलचक खुशालीचे मेसेज तुमच्यामुळे बंद झाले, याचा मला भयंकर राग येतो.